मेंढवाड्यातून पाहिलेले लांडगे

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्या भावाचा पालथं पडून नमस्कार. (एरवी हे आपलं लिहायची पद्धत म्हणून लिहितो. या खेपेला खरोखर पालथा पडूनच लिहितोय. दुकानातल्या कापड बेतायच्या टेबलावर, हनुवटीखाली अस्तराचा गठ्ठा घेऊन. बसायची सोय का उरली नाही, ते ओघात येईलच.) तुझे गुडघे काय म्हणतात? जिना चढताना मधल्या वळणावर थांबतेस ना? थांबत जा. तिथे तुझी तरतरी बघायला कोणी बसलेलं नाही. भावोजींचा खोकला थंडीत वाढला असेल. त्यांना मी मफलर शिवून पाठवला होता, तो तू नळाच्या तोटीला गुंडाळून ठेवला आहेस असं कानावर आलं. कोणी सांगितलं ते विचारू नकोस. तोटी गोठली नाही यातच मला आनंद आहे. माझी तब्येत उत्तम. म्हणजे पुढून उत्तम.

आता मुद्दा. (हा कधी मुद्द्यावर आलाय, असं तू भावोजींकडे बघून म्हणणार, ते मला इथून ऐकू येतंय.) मुद्दा आपल्या ठकीचा. तुला सगळं माहीत आहे, पण मी पुन्हा पहिल्यापासून मांडतो, कारण मागच्या वेळी तू अर्ध्यातच फोन ठेवलास. ठकी चष्म्याच्या दुकानात कामाला. तिथे एक माणूस दुर्बीण घेऊन आला, काचेच्या आत वाफ धरली म्हणून. तिने ती पुसून दिली. आठवड्याने तो तीच दुर्बीण घेऊन पुन्हा आला, या वेळी वाफ नव्हती. तिसऱ्यांदा तर नुसता दुर्बिणीचा पट्टा घेऊन आला आणि हा जरा बघता का म्हणाला. पट्ट्यात काय बघायचं असतं? पण आपल्या ठकीने तो अर्धा तास बघितला. हा माणूस हिवाळ्यात लोकांना डोंगरावर नेऊन रानातले लांडगे दाखवतो, तोच त्याचा उद्योग. हे ऐकल्याबरोबर तू त्याचा फोटोही न बघता 'नाही' म्हणून मोकळी झालीस. तुझं म्हणणं, जो माणूस दिवसदिवस लांडग्याची वाट बघत बसतो तो घरी कधी येणार, आणि आला तर कसला वास घेऊन येणार? इकडे ठकीचं एकच पालुपद, आत्या हो म्हणाली तरच लग्न. तिची आई गेल्यापासून तिच्या वेण्यांपासून वागण्यापर्यंत सगळं तूच ओढून घट्ट बांधलंस, आणि तुझी गाठ सुटत नाही. ती रडत नाही, जेवणावरून उठत नाही. फक्त हल्ली दुकानातून आली की खिडकीशी उभी राहते आणि मला म्हणते, बाबा, आज काही नाही, सहज. अक्का, हे 'सहज' मला बघवत नव्हतं.

तेव्हा मी तुझे पाय धरले, आणि तू जरा विरघळून तोड काढलीस: मी ओळख न देता त्याच्या सहलीला जायचं आणि माणूस पारखून यायचं. तुझी कसोटीही तू सांगितलीस, ती मी खडूने दुकानाच्या आरशावर लिहून ठेवली होती. ज्याचं हातातलं काम दुसऱ्याने बिघडवलं आणि तरी जो ताट आपटत नाही, तो नवरा करायच्या लायकीचा. आता त्याचं काम मी कशाला बिघडवू? मी तर हात जोडून, मान खाली घालून, बँकेतून निवृत्त झालेला एक साधा गृहस्थ म्हणून गेलो होतो. पण अक्का, माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. मला एखाद्याचं भलं करायची हुक्की आली की समोरच्याने सांभाळून राहावं.

उतरायची जागा म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी एक लाकडी घर. खाली मोठी शेगडी आणि लांब बाकं, वर निजायच्या खोल्या, दाराशी ओले बूट उलटे टांगायला खुंट्या. शेजारी एका मेंढपाळ बाईचा मेंढवाडा. माझ्याबरोबर दाताचे एक डॉक्टर आणि त्यांची बायको, एवढेच पाहुणे. डॉक्टर कोणाशीही बोलताना त्याच्या डोळ्यांकडे न बघता तोंडात बघतात, त्यामुळे मी पहिल्या दिवशी ओठ मिटूनच हसत होतो. (डाव्या बाजूची दाढ. पुढच्या महिन्यात काढून घेईन, खरंच.) बाई मात्र गोड. दर हिवाळ्याला त्या लांडगे बघायला येतात आणि आजवर त्यांना लांडग्याचं शेपूटही दिसलेलं नाही. कधी धुकं पडलं, कधी बर्फ पडला, एकदा तर लांडगे आले तेव्हा त्या नेमक्या शिंकल्या. यंदा दिसले नाहीत तर आता हा नाद सोडायचा, असं नवराबायकोचं ठरलं होतं. हे त्या इतकं हसून सांगत होत्या की मला वाईट वाटलं.

आणि आपला वाटाड्या. उंच, सडपातळ, कान कायम लाल. तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण वाहून वाहून डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली. याचा कोट बेतताना डाव्या खांद्यात पॅड घालावं लागेल, हे मला तो दारातून आत आला तेव्हाच दिसलं. अंगावर जो कोट होता त्याबद्दल काय लिहू? कोपराला ठिगळ, ठिगळाला ठिगळ, आणि बटणं तीन जातींची. त्यातलं एक तर उशीच्या अभ्र्याचं. मी हाताची घडी घालून बसलो, नाहीतर हात आपोआप सुईकडे गेले असते. बोलायला मात्र माणूस मऊ. जेवण झाल्यावर त्याने खिशातून एक पेटी काढली, सोनार काढतो तशी, कापूस बाजूला केला आणि आत लांडग्याची वाळलेली विष्ठा! बघा, म्हणे, केस किती सुंदर दिसतात, हे हरणाचे, हे उंदराचे. डॉक्टरीणबाईंनी हातात घेऊन बघितली. डॉक्टरांनी सवयीने त्यात दात शोधला. मी लांबूनच वाहवा केली. (ही गोष्ट तुला सांगावी की नाही यावर मी फार विचार केला. पण पारखायला पाठवलंस, तर माल झाकून कसा ठेवू? तो नंतर हात साबणाने दोनदा धुतो, हेही लिहून ठेवतो.)

पहिल्या दिवशी पहाटे आम्ही वर गेलो. पद्धत अशी: वाटाड्या पुढे, त्याच्या पावलात आपलं पाऊल, बोलायचं नाही, थांब म्हणायला हात वर, बस म्हणायला हात खाली. वाटेत तो ठसे दाखवतो. कुत्रा बर्फात शाळा सुटल्यासारखा कसाही बागडतो, लांडगा मात्र सरळ रेघेत चालतो, मागचा पाय पुढच्याच्या ठशात. मी म्हटलं, वा! टीप मारावी तर अशी. (मनात म्हटलं. मी बँकवाला होतो ना.) एका खडकाआड पालथं पडायचं, समोर दरी, दरीपलीकडे एक उतार, त्या उतारावर लांडगे येतील म्हणून दुर्बीण लावायची आणि वाट बघायची. बस्स, एवढंच. पण झालं काय, आम्ही तिघांनीही थंडीसाठी नवीन, पाणी न शिरणाऱ्या विजारी घेतल्या होत्या. त्या कापडाचा आवाज तुला माहीत नाही. पाऊल टाकलं की झरऽऽ, कूस बदलली की खरऽऽ. तिघे मिळून हललो की कोणीतरी पिशव्यांची आवराआवर करतंय असं वाटावं. लांडगे कुठले येतात! उतारावरचा एक कावळा होता तोही उठून गेला. खाली आल्यावर वाटाड्या माझ्याजवळ बसला आणि फार संकोचून म्हणाला, काका, राग मानू नका, पण तुमची विजार फार बोलते.

अक्का, चाळीस वर्षं शिंपीकाम केलेल्या माणसाला हे वाक्य! दुसरा कोणी शरमला असता. माझ्या अंगात मात्र वारं संचारलं.

दुसऱ्या दिवशी बर्फ पडत होता म्हणून वर जायचं रद्द झालं, आणि वाटाड्या एकटाच ताजे ठसे शोधायला बाहेर पडला, तो अंधार पडेपर्यंत येणार नव्हता. मी मेंढपाळ बाईकडे गेलो. तिच्या माळ्यावर कमावलेल्या मेंढीच्या कातड्यांचा ढीग, लोकर कशी गच्च, बोट रुतवलं तर दिसेनासं व्हावं. मी विचारलं, नेऊ का? ती म्हणाली, कशाला? मी म्हटलं, आवाज मारायला. ती म्हणाली, न्या बाबा, पण उद्या सकाळी माझा कुत्रा सुटलेला असतो हं. मी म्हटलं, असू दे की. (तेव्हा हे वाक्य मी ऐकलं होतं, पण त्याचं माप घेतलं नव्हतं.) घरात जुनं पायाने चालवायचं मशीन होतं, माझ्या पेटीत दाभण आणि मेणाचा दोरा. दिवसभर बसून मी तिघांच्या विजारींवर आणि जाकिटांवर कातड्याच्या खोळी चढवल्या. डॉक्टरांनी कातडी धरायला मदत केली, ओढून धरायची त्यांना सवयच. आता शिंप्यासमोर पेच एकच असतो, लोकर आत की बाहेर? आत घेतली तर ऊब येते, पण बाहेर कातडं कातड्यावर घासून करकरतं. बाहेर घेतली तर चिडीचूप. मी बाहेर घेतली. टोप्यांनाही उरलेलं लावलं, कानांवर दोन पट्ट्या लोंबत्या सोडल्या. शिवण इतकी सुंदर बसली होती अक्का, की जोड सापडेना. डॉक्टरीणबाईंनी आरशासमोर एक गिरकी घेतली. काडीचा आवाज नाही! लांडगा मेंढीचं कातडं पांघरून येतो हे आपण लहानपणापासून ऐकलंय. लांडगा बघायला आपण ते पांघरून निघालोय, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. उत्साहात माणसाची अक्कल अशीच चरायला जाते.

तिसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच निघालो. वाटाड्याची नजर खाली ठशांवर, मागे वळायचा प्रश्नच नव्हता. अर्ध्या वाटेत त्याने थांबून कानोसा घेतला आणि न वळताच पुटपुटला, वा काका, काय जादू केलीत, मागे कोणी आहे असं वाटतच नाही! माझी छाती अशी फुगली की काखेतला एक टाका उसवला. खडकाआड जाऊन आम्ही पालथे पडलो. चढाने अंग तापलेलं, त्या उबेने कातड्यांचा मूळ वास जागा झाला आणि वाऱ्यावर बसून सावकाश दरीपलीकडे निघाला. मला वाटलं, काय निसर्ग आहे! मेंढरांचा वास इथवर येतो.

मग उजाडलं. वाटाड्याने दुर्बीण लावली, आणि सगळे ठीक आहेत ना बघायला मागे वळला. त्याचा तो चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. त्याच्या मागे बर्फात तीन गुबगुबीत मेंढरं पडली होती आणि त्यातलं एक त्याला अंगठा वर करून दाखवत होतं. (मी.) तो काही म्हणणार एवढ्यात डॉक्टरीणबाईंनी त्याची बाही ओढली. समोरच्या उतारावर लांडगे आले होते. नुसते येऊन निघून गेले नाहीत. एकामागून एक रेघेत आले, थांबले, नाकं वर केली, आमच्याकडे बघितलं आणि सरळ बसलेच. खेळ सुरू व्हायच्या आधी लोक खुर्च्यांवर बसतात तसे. वाटाड्या कुजबुजला, या हिवाळ्यात इतक्या जवळ, इतके निवांत कधीच बसले नव्हते. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीकडे सरकायला एक कोपर पुढे टाकलं, आणि खालून भुंकण्याचा आवाज आला.

मेंढपाळ बाईचा राखणीचा कुत्रा म्हणजे लहानसं घोडंच. त्याला खालून काय दिसलं? आपल्या कळपातली तीन मेंढरं डोंगरावर बेवारशी पडली आहेत आणि समोर लांडग्यांची पंगत बसली आहे. त्या इमानी जिवाला काय वाटलं असेल याची मी आता कल्पना करू शकतो. तेव्हा नाही करू शकलो. तो बर्फ उडवत आला, आमच्या आणि लांडग्यांच्या मधे उभा राहून लांडग्यांना चार शब्द सुनावले, आणि मग आमच्याकडे वळून आम्हाला हाकायला लागला. डॉक्टर उठून उभे राहिले आणि आपण दंतवैद्य आहोत असं त्याला सांगू लागले. दोन पायांवर उभं राहिलेलं मेंढरू त्याने जन्मात बघितलं नसावं, त्याने त्यांना ढुशी देऊन पुन्हा चार पायांवर आणलं. डॉक्टरीणबाई शहाण्या, त्या आपणहून रांगत पुढे निघाल्या. मी जरा रेंगाळलो. शिवण बघत होतो, धक्क्याने उसवते का म्हणून. कळपात जो रेंगाळतो त्याच्यासाठी कुत्र्यांचा एक नियम असतो आणि तो नियम त्याने माझ्या पाठीमागच्या बाजूला लावला. कातडं जाड होतं म्हणून रक्त आलं नाही, पण अक्का, मी हा मजकूर पालथा पडून का लिहितोय ते आता तुला कळलं असेल. डोंगरावरून मेंढवाड्यापर्यंत आम्ही कसे आलो ते मी लिहीत नाही. बऱ्याच भागात आम्ही घसरलो एवढंच सांगतो. बाई फाटक उघडून उभीच होती. आम्ही तिघे आत गेलो, तिने फाटक लावलं, कुत्रा फाटकाला पाठ लावून बसला आणि काम फत्ते झाल्यासारखा सुस्कारा टाकला.

खऱ्या मेंढरांनी आम्हाला हुंगलं आणि सामावून घेतलं. एका एडक्याने तर माझ्या काखेत डोकं घातलं, जिथे टाका उसवला होता बरोबर तिथे. तिथून मी वर बघितलं तर वाटाड्या तिकाटणं खांद्यावर टाकून उतरत होता. एकटा. ज्या दिवसाची तो सगळा हिवाळा वाट बघत होता, तो दिवस मी लोकर लावून उसवून टाकला होता. आणि अक्का, तेव्हा मला तुझी कसोटी आठवली. काम दुसऱ्याने बिघडवलं. आता हा काय आपटतो? दुर्बीण आपटतो का मला? ठकी डोळ्यांसमोर आली, खिडकीशी उभी. मी एडक्याच्या मानेला धरून बसलो आणि तोंडाने, आपटू नकोस रे बाबा, आपटू नकोस, असं पुटपुटत होतो.

तो कुंपणापाशी आला. आमच्याकडे एकदा बघितलं आणि पाठ फिरवली. त्याचे खांदे हलायला लागले. खांदे मला कळतात, आयुष्य त्यांच्यावर टेप टाकण्यात गेलं, पण रडताना आणि हसताना ते सारखेच हलतात. मी घाबरलो. मग तो वळला. डोळ्यांतून पाण्याच्या धारा, तोंड कानापर्यंत फाकलेलं, आणि आवाज अजिबात नाही! इतकी वर्षं लांडग्यांपुढे गप्प राहून हा माणूस आवाज न करता हसायला शिकलाय. कुंपण धरून, पोट धरून, शेवटी बर्फात बसून तो हसला आणि एकही मेंढरू दचकलं नाही. ते बघून डॉक्टरीणबाईंना हसू फुटलं, मग मला, आणि डॉक्टर तर इतकं तोंड उघडून हसले की त्यांच्याही दोन दाढा गेलेल्या आहेत हे मला दिसलं. आमचं हसू पुरतं मोकळं व्हायच्या आधीच वाटाड्याने एकदम हात वर केला. थांबा. मग बोट उताराकडे. लांडगे अजून तिथेच होते.

गेलेच नव्हते ते. बसून सगळं बघत होते. वाटाड्याने तिकाटणं मेंढवाड्याच्या कुंपणाला लावलं, दुर्बीण फिरवली, आणि पहिल्यांदा डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या मेंढरांतून वाट काढत गेल्या, डोळा लावला, आणि मग किती वेळ हलल्याच नाहीत. नुसतं 'अगंबाई' म्हणाल्या. मग पुन्हा 'अगंबाई'. नंतर मी बघितलं. अक्का, दोन पिल्लं, म्हणजे चांगली वाढलेली, उतारावरून ढुंगणावर घसरत होती. खाली आली की पुन्हा वर पळत जायची आणि पुन्हा घसरायची. आम्हाला घसरताना बघून त्यांनी हे उचललं असं माझं मत आहे, वाटाड्या नाही म्हणतो. त्यांची आई बाजूला पडली होती, एक डोळा मिटून. एक पिल्लू घसरत येऊन तिच्यावरच आदळलं. मला वाटलं आता बसते थप्पड. तिने फक्त त्याच्या मानेवर जबडा ठेवला आणि ते गप झालं. तेवढं बघून मला का कोण जाणे रडू आलं. मला ठकीची वेणी घालणारी तू आठवलीस. ती चुळबुळ करायची, आणि तू तिच्या मानेवर हात ठेवायचीस. मी आनंदाने रडत होतो, हे स्पष्ट लिहितो, नाहीतर तू मागच्या बाजूचं दुखणं समजशील.

मी डोळे पुसत होतो तेव्हा वाटाड्या माझ्या बाजूला टेकला आणि हळूच म्हणाला, "काका, बँकेतली माणसं गळ्यात टेप घालून जेवायला बसत नाहीत." मी गळ्याला हात लावला. पहिल्या दिवसापासून टेप गळ्यातच होता. चाळीस वर्षं जी वस्तू गळ्यात आहे ती असली काय नि नसली काय, मला कळेल कसं? तेव्हा मी मुलगा पारखायला गेलो होतो खरा, पण तीन दिवस तोच मला पारखत होता. म्हणून मी त्याला सरळ विचारलं, असा सासरा चालेल का? त्याने माझ्या खांद्यावरचा बर्फ झटकला, लोकर नीट केली आणि म्हणाला, सासरा मिळाला तर हाच पाहिजे, फक्त त्यांनी डोंगरावर यायचं असेल तर आधी मला कापड दाखवावं. मी तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं. (काखेत एडका असताना तूही म्हणाली असतीस.) पण त्याने मान हलवली. म्हणाला, तुमच्या 'हो'ने मला फार बरं वाटलं, पण ठकी म्हणते आत्याचा हो हवा, आणि ती म्हणते ते बरोबर आहे. मी म्हटलं, अरे, अक्काचा नाही म्हणजे दगडावरची रेघ. तो नुसती दुर्बिणीची काच पुसत राहिला.

तर अक्का, माझा अहवाल असा. माणूस ताट आपटत नाही. वाईट बातमी हळू आवाजात सांगतो. दुसऱ्याला आधी बघू देतो. कोट भयंकर आहे, पण तो माझ्या हातातला विषय आहे. वासाबद्दल बोलायचं तर त्या दिवशी आमच्या चौघांत सगळ्यात बरा वास त्याचाच होता. वाट बघतो म्हणून तू नाव ठेवलंस, पण मी शेजारी पालथा पडून ते बघितलंय. वाट बघताना तो जांभई देत नाही, घड्याळ बघत नाही, रागावत नाही. येतील तेव्हा येतील, म्हणतो. आपल्या घरात असा एकही पुरुष आजवर झालेला नाही, मी धरून. भावोजींना नमस्कार, आणि तोटीला मऊ हाताने गुंडाळत जा, तो मफलर शुद्ध लोकरीचा आहे.

तुझा आज्ञेतला आणि तूर्त आडवा,
धाकटा

ता.क. डॉक्टरीणबाईंनी त्यांचा मेंढीचा पोशाख परत द्यायला नकार दिला. पुढच्या हिवाळ्यात त्याच पोशाखात येणार म्हणतात. डॉक्टर माझी दाढ बघणार आहेत.

आणखी एक ता.क. उत्तराची घाई नाही. सावकाशीने विचार कर. भावोजींशी बोल. दोनचार दिवस गेले तरी हरकत नाही.

शेवटचं ता.क. मागचं ता.क. खोडून वाच. घाई आहे. हे पत्र टपालाने आलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. दार वाजलं, उंच, लाल कानांचा एक माणूस पाकीट देऊन एक पाऊल मागे सरकला, आणि अनोळखी माणसासमोर तू लावतेस तसं दार लावून घेतलंस आणि आत येऊन वाचायला बसलीस, हे मला इथून दिसतंय. पत्र लहान लिही, असं ठकी मला सारखं सांगत होती, कारण तुमच्या जिन्यात फार गारठा असतो. माझा स्वभाव आड आला. तो माणूस खाली गेलेला नाही, दाराबाहेर जिन्यातच उभा आहे. पुन्हा दार वाजवणार नाही, खाकरणार नाही, पायही आपटणार नाही. हे लिहिता लिहिता मी त्याला विचारलं, तिने दार उघडलंच नाही तर रे? तर म्हणाला, मागच्या हिवाळ्यात एका लांडगीसाठी याहून जास्त थांबलोय, आणि ती आली. अक्का, ही तुलना त्याची आहे, माझी नाही. दार उघड.